बाथटब कर्व्ह आणि मामाची मोटरहोम

रिलायबिलिटीच्या लेक्चरला बाथटब कर्व्ह आला की निम्मा वर्ग पेंगतो. पण तोच कर्व्ह माझ्या अमेरिकेतल्या मामाला उपयोगी पडतोय. रिटायरमेंटच्या पैशातून तो मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतोय. डीलर म्हणतो, एक्स्टेंडेड वॉरंटी घ्याच!

तिथल्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यात वॉरंटी वेगळी आणि जादा पैसे भरून घेतलेलं 'सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट' वेगळं. डीलर विकतोय ते दुसरं.

आता कर्व्ह बघा. मशीन सुरुवातीला जास्त बिघडतं, पण तेव्हा मूळ वॉरंटी असतेच. मधे कमी बिघडतं. म्हातारपणी पुन्हा जास्त. पण झीज, गंज, छतातून झिरपलेलं पाणी हे बहुतेक कॉन्ट्रॅक्टमध्ये वगळलेलं असतं. म्हणजे आपण पैसे मोजतो ते बरेचसे टबच्या सपाट तळासाठी!

तरी सरसकट 'नको' म्हणता येत नाही. इंजिन, जनरेटर, फ्रिज, एसी, सगळं एकाच गाडीत. एखादा मोठा खर्च अचानक आला तर मामाला झेपेल का? झेपणार असेल तर तेवढेच पैसे बँकेत बाजूला ठेवावेत. नसेल तर कॉन्ट्रॅक्ट घ्यावं. पण सहीआधी काय काय वगळलंय ती यादी स्वतः वाचावी. डीलर ती वाचून दाखवेल अशी आशा नको.