गाडीचा मोतीबिंदू

माळव्यातल्या आपल्या घरांत जुनी मोटार सहसा मोडीत निघत नाही. ती वडिलांकडून मुलाकडे जाते, मुलाने नवी घेतली की जावयाकडे, आणि धारच्या वाड्यासमोर उभी राहणारी गाडी काही वर्षांनी देवासच्या एखाद्या गल्लीत दिसू लागते. तिच्या इंजिनाची निगा राखली जाते, आसनांची आवरणे बदलली जातात, दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार चढतो. परंतु ज्या दोन दिव्यांच्या भरवशावर आपण कुटुंबाला घेऊन रात्रीचे निघतो, ते हळूहळू पिवळे आणि दुधाळ होत जातात, इकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. रोज थोडेथोडे होणारे नुकसान डोळ्यांच्या सवयीचे होऊन जाते.

ज्यांनी अँबॅसिडर किंवा पद्मिनी चालवली आहे, त्यांना हा रोग ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या गाड्यांचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते. दगड लागला तर फुटत; पण उन्हाने पिवळे पडत नसत. पुढे मोटारींचे नाक उतरते आणि निमुळते झाले, दिव्यांनाही तसाच आकार हवा झाला. पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत, एकमेकांना न कळता, जवळजवळ एकाच वेळी तयार झाले होते. ते काचेच्या निम्म्या वजनाचे, हवे तसे वळणारे आणि सहजी न फुटणारे. अमेरिकेने १९८३ साली नियम सैल केले आणि तेथील मोटारींना प्लॅस्टिकचे दिवे बसू लागले. यथावकाश ते आपल्या अंगणातही आले. बोलण्यात आपण त्यांना अजून ‘काच’च म्हणतो. मीही पुढे तसेच म्हणणार आहे.

या प्लॅस्टिकचा एकच मोठा शत्रू, तो म्हणजे सूर्य. उन्हातील अतिनील किरण त्याच्या रेणूंची बांधणी मोडतात. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कठीण, पारदर्शक लेप चढवलेला असतो. त्याची जाडी केसाच्या जाडीच्या काही अंशाइतकीच. काही वर्षे तो ऊन सोसतो. मग धूळ, वाळूचे कण आणि ऊन मिळून त्याला बारीक भेगा पाडतात, तो पापुद्र्यासारखा सुटू लागतो आणि खालचे उघडे प्लॅस्टिक पिवळे पडते. कर्कवृत्त उज्जैनच्या थोड्या उत्तरेकडून जाते. म्हणजे धार आणि देवास या दोन्ही ठिकाणी जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या पूर्वार्धात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. पूर्वीची उभी काच हे ऊन तिरपे घेत असे. आजचा दिवा बॉनेटवर चढलेला, आकाशाकडे तोंड करून बसलेला.

गाडी रोज एकाच जागी, एकाच दिशेला उभी राहत असेल, तर एक दिवा भिंतीच्या सावलीत राहतो आणि दुसरा उन्हात भाजतो. देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती. तसे एकाच गाडीचे दोन दिवे दोन वेगळ्या वयांचे दिसू लागतात!

हा विषय मला लिहावासा वाटला तो माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांमुळे. ते धारचे, मुलगी देवासला दिलेली. इंदूरवरून जायचे तर अंतर सुमारे शंभर किलोमीटर. सोयाबीनच्या दिवसांत मंडीला निघालेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नाही की लाल पट्टी नाही. एका रात्री अशी ट्रॉली त्यांना अगदी जवळ आल्यावरच दिसली. त्या दिवसापासून त्यांनी रात्री गाडी चालवणे सोडले. “वय झाले, डोळे गेले,” असे म्हणू लागले. मुलीकडे जाणे दुपारपुरते उरले. नातवंडे शाळेतून येण्याच्या वेळेला आजोबा परतीला लागलेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून मोतीबिंदू नाही असे सांगितले. मोतीबिंदू गाडीला झाला होता.

यात अतिशयोक्ती मुळीच नाही. अमेरिकेतील वाहनचालकांच्या ‘ट्रिपल ए’ या संघटनेने २०१८ साली अशा धुरकट दिव्यांची मोजणी केली, तेव्हा त्यांचा उजेड नव्या दिव्याच्या जेमतेम २० टक्के भरला. उरलेल्या उजेडातला बराचसा काचेतच विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला दिसत नाही आणि त्याचे डोळे दिपतात, असा दुहेरी तोटा. यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे ६०/५५ वॉटचा बल्ब काढून त्याजागी १०० वॉटचा बसवणे. त्याने विखुरणारा उजेड वाढतो, आणि उष्णतेने काच व आतील चकाकता परावर्तक दोन्ही खराब होतात.

दुसरे घरगुती उपाय म्हणजे टूथपेस्ट, पेट्रोलचा बोळा आणि डासांचे मलम. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, तेव्हा वरवरचा मळभ जातो, महिना-दोन महिन्यांत परत येतो. डासांच्या काही मलमांतील औषध प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवते, म्हणून काच क्षणभर लखलखते; पुढे तो थर चिकट आणि अधिकच धुरकट होतो. पेट्रोल आणि थिनरने तर बारीक तडे जातात, आणि ते कायमचे.

खरा उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. प्रथम दिवे साबणाच्या पाण्याने धुवावेत आणि भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवावेत. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचे: लेप पापुद्रे धरून सुटत असेल तर ६०० नंबरपासून, एरवी ८०० किंवा १००० पासून. पाणी सतत सोडत राहावे. सुरुवातीला ओघळ पिवळसर येतो. तो पांढरा येऊ लागला की जुना लेप निघाला असे समजावे. यानंतरचा कागद आधीच्याला आडवा फिरवावा, म्हणजे आधीचे ओरखडे कोठे राहिले ते दिसते. या टप्प्यावर काच सर्वत्र सारखी पांढरी, दुधी दिसते आणि घरातली मंडळी “अहो, हे काय करून ठेवलेत!” म्हणतात. तिकडे लक्ष देऊ नये. पुढे २००० आणि ३००० नंबरचा कागद, मग रबिंग कंपाउंड, की आरपार दिसू लागते.

येथेच बहुतेक गॅरेजे काम संपले म्हणून पैसे घेतात. वस्तुतः येथे काम अर्धेच झालेले असते. घासताना आपण उरलासुरला संरक्षक लेपही काढून टाकलेला आहे. असे उघडे प्लॅस्टिक माळव्याच्या उन्हात ठेवले, तर ते पूर्वीपेक्षा वेगाने पिवळे पडते, आणि गिऱ्हाईक समजतो की हा उपायच फसवा. तेव्हा मिस्त्रीला एकच प्रश्न विचारावा: “वर अतिनील किरण अडवणारा लेप देणार का?” फवाऱ्याने क्लिअर कोट द्यायचा असेल तर १००० नंबरवर थांबावे. चकाकत्या पृष्ठभागावर तो नीट धरत नाही, आणि बारीक ओरखडे तो स्वतःच भरून काढतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसून कोरडी करावी. हार्डनर मिसळलेल्या क्लिअर कोटची वाफ फुप्फुसांना घातक असते. ते काम योग्य मुखवटा असलेल्या पेंटरकडूनच करून घ्यावे. पावसाळ्यात ते करूच नये, दमट हवेत लेप पांढुरका पडतो. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम.

एवढे करूनही दिवा नवा होत नाही. त्याच मोजणीत घासून सुधारलेल्या दिव्यांचा उजेड सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला होता. धुरकटपणा आतल्या बाजूने असेल, काचेला तडे असतील किंवा परावर्तक काळवंडला असेल, तर बाहेरून घासणे व्यर्थ; तेथे नवा दिवाच घ्यावा. शिक्षकमहाशयांचा एक दिवा असाच आतून गेलेला निघाला, तो बदलावा लागला; दुसरा घासून व लेप देऊन साधला.

काम झाल्यावर रात्री गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा पावलांवर उभी करून दोन्ही दिव्यांचा डिपर पाहावा. उजेडाची वरची कड दोन्हीकडे सारख्या उंचीवर आणि दिव्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली हवी. ती वर चढत असेल, तर दिव्यामागच्या स्क्रूने खाली आणून घ्यावी. उजेड आता अनेक पटींनी वाढलेला असतो, आणि समोरून येणाऱ्यालाही रस्ता दिसायला हवा.