टेम्पोचे प्लग : घरी बदला, पण आटे सांभाळून

माल तयार करणे हे आपल्या धंद्यातील अर्धे काम. तो वेळेवर पोहोचविणे हे उरलेले अर्धे. मालेगावहून ग्रे कापडाच्या गाठी घेऊन भिवंडीला गेलेला टेम्पो परतीचा माल भरून कसारा घाट चढताना झटके देऊ लागला की मालकाचा जीव खालीवर होतो. गाडी 'मिसिंग' करते, पिकअप मारत नाही, ॲव्हरेज घटते, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो. अशा वेळी मोठ्या खर्चाच्या धास्तीने गॅरेजकडे धावण्याआधी स्पार्क प्लग पाहावेत. चार प्लगची किंमत कापडाच्या एका ताग्याएवढीही नसते.

आधी एक खुलासा करतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. तेथे हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते. काही डिझेल इंजिनांत जो प्लग दिसतो तो ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना उष्णता देणारा. आम्ही येथे पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्यांविषयी सांगत आहोत. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ चे नियम लागू झाल्यानंतर आपल्या व्यापाऱ्यांकडे अशा गाड्या बऱ्याच आल्या आहेत.

प्लग झिजतो कसा?

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला किमान १,५०० ठिणग्या टाकतो, म्हणजे तासाला ९० हजार. प्रत्येक ठिणगीगणिक टोक कणभर झिजते आणि दोन टोकांमधील फट रुंदावते. रुंद फट ओलांडण्यास विजेचा जोर अधिक लागतो. तो कमी पडला की ठिणगी चुकते आणि गाडी झटका देते. सीएनजी पेटविण्यास पेट्रोलपेक्षाही जास्त जोर लागतो. म्हणून पेट्रोलवर ठीक चालणारी गाडी सीएनजीवर झटके देत असेल तर पहिला संशय प्लगवर घ्यावा. न जळालेले इंधन सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही खराब करते, आणि तो खर्च फार मोठा असतो.

साधा निकेलचा प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतो. इरिडियमचा प्लग लाखापर्यंत जाऊ शकतो. सीएनजीवर हे आयुष्य कमी धरावे. प्लगचा नंबर आणि फट गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. आमची शाळा उर्दूची आणि पुस्तक इंग्रजीत, पण आकडे सर्वांनाच वाचता येतात. प्लग ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावेत, कारण बाजारात नकली मालही फिरतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी ईदच्या ऐन हंगामात आम्ही घाई केली. गाडी नुकतीच फेरी करून आली होती, हेड तापलेले होते. त्यातच जुना प्लग काढला आणि नवा थेट पान्याने फिरविला. तो तिरका बसला आणि हेडचे आटे गेले. हेड उतरवून आट्यांना बुश बसवावा लागला. चार दिवस गाडी उभी, माल भाड्याच्या गाडीने पाठविला आणि नफ्यातला मोठा वाटा त्यातच गेला. दोष कोणाचाच नव्हता, आमच्या घाईचा होता. हेड ॲल्युमिनियमचे, म्हणजे नरम धातूचे असते. प्लग पोलादी असतो. दोघांची झटापट झाली तर हार हेडचीच होणार.

काम असे करावे

गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी. सीएनजी असेल तर सिलिंडरची तोटी बंद करावी, जवळ विडी-काडी नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. अशा बऱ्याच गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली की कॉइल किंवा प्लगच्या वायरी दिसतात. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. वायर धरून ओढू नये, टोपी धरून हलकेच फिरवीत काढावी.

प्लग सोडण्याआधी खाचेत हवा मारावी. सायकलचा पंपही चालतो. तेथील कचरा सिलिंडरमध्ये पडला तर आत ओरखडे पाडतो. जास्त चाललेल्या गाडीचा प्लग जाम असतो. जोर लावू नये. गंज सोडविणारे तेल थोडे टाकून वाट पाहावी, मग थोडे सोडावे, थोडे परत आवळावे, असे करीत काढावा. तरीही हलला नाही तर थांबावे आणि मिस्त्रीला बोलवावे. येथे थांबणे यात कमीपणा नाही.

नव्या प्लगची फट फिलर गेजने तपासावी. इरिडियमचे टोक नाजूक असते, त्याला गेजने रेटू नये. मग प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून तो बोटांनीच फिरवावा. तिरका लागला तर नळी हातात घसरते आणि आटे वाचतात. शेवटपर्यंत हाताने बसला की मगच पाना लावावा. टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटर आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरला १५ ते २० पुरतात. पाना नसेल तर किती फेरा द्यावा हे प्लगच्या डब्यावर छापलेले असते, तेवढाच द्यावा. 'आणखी थोडे' हाच घात आहे.

जुना प्लग फेकू नका

काढलेले प्लग क्रमाने फडक्यावर मांडावेत आणि नीट पाहावेत. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन तब्येतीत आहे. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त जाते किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे इंजिन फाजील तापते आहे. टोक तेलकट ओले असेल तर ऑइल आत येते आहे, रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील तपासावे. खाचेतच ऑइल साचले असेल तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले असावे. टोपीचे रबर तडकले असेल तर तेही बदलावे, नाहीतर नव्या प्लगनेही मिसिंग जाणार नाही.

काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवावे. उधारीचा हिशेब आपण जसा ठेवतो तसाच गाडीचाही ठेवला तर प्लग कधी बदलायचे हे घाटात कळण्याऐवजी घरीच कळेल.