वाऱ्यापुढे टायगरही गार!

गोल्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार गवत, पांढरी टोपी, बॅग उचलणारा कॅडी आणि रिटायर्ड साहेबलोक. घाम न येणारा खेळ! खरं सांगायचं तर माझंही मत फार वेगळं नव्हतं. मग एका रात्री मी म्युअरफिल्डचे जुने हायलाइट्स बघितले.

20 जुलै 2002, शनिवार. स्कॉटलंडमध्ये समुद्राकाठी 'द ओपन'ची तिसरी फेरी. टायगर वूड्स तेव्हा 26 वर्षांचा. त्या वर्षीची मास्टर्स आणि यूएस ओपन त्याच्या खिशात होती. आजच्या चारही मेजर एकाच वर्षात कुणालाच जिंकता आलेल्या नाहीत, आणि हा गडी आघाडीपासून फक्त 2 फटके मागे. दुपारी वादळ आलं. जुलैत वरळी सी-फेसवर छत्री उलटी होते ना, तसा वारा, वर हाडं गोठवणारा गारठा आणि आडवा पाऊस. 71 पारच्या कोर्सवर टायगरला 81 फटके लागले. पहिली बर्डी मिळाली थेट 17व्या होलला! कॉलिन माँटगोमेरीचं तर विचारूच नका. शुक्रवारी 64, शनिवारी 84. एका रात्रीत 20 फटक्यांचा फरक. एर्नी एल्सने मात्र त्याच वादळात 72 मध्ये भागवलं आणि रविवारी प्लेऑफ जिंकून ट्रॉफी नेली. टायगरने रविवारी 65 मारले, पण तोवर ग्रँडस्लॅम हुकलं होतं.

आता प्रश्न असा, की जगातला एक नंबरचा खेळाडू वाऱ्यात असा का सापडतो?

गोल्फचा बॉल जेमतेम 46 ग्रॅमचा. क्लब लागला की तो उलटा फिरत उडतो आणि या बॅकस्पिनमुळेच हवा त्याला वर उचलून धरते. समोरून वारा आला की ही उचल आणखी वाढते. पतंग आठवा. वारा अंगावर घेऊन पतंग जसा वर चढतो, तसाच बॉल चढतो आणि मग पुढे जायचं सोडून धप्पकन खाली येतो. आपण काय करू? वैतागून आणखी जोरात हाणू. तिथेच फसतो! जोर वाढला की स्पिन वाढतो, स्पिन वाढला की बॉल आणखी वर. म्हणून जाणकार उलटं करतात. नेहमी 9 नंबरचं आयर्न लागत असेल तिथे 7 किंवा 6 काढतात, बॉल मागच्या पायाकडे घेतात आणि अर्ध्या स्विंगमध्ये सावकाश मारतात. बॉल खालून सुळकन निघतो. आणि पाठीमागून वारा आला तर सगळी भरपाई होते, असं समजू नका. समोरचा वारा जेवढं अंतर खातो, तेवढं मागचा परत देत नाही.

खरी गंमत ग्रीनवर. 2015 ची ओपन सेंट अँड्र्यूजला होती. शनिवारी सकाळी खेळ सुरू झाला आणि अर्ध्या तासात थांबला, कारण ताशी 60 किमीहून जास्त वेगाच्या झोतांमुळे बॉल ग्रीनवर आपणहून चालायला लागले! दहा तासांहून जास्त वेळ सगळे बसून. स्पर्धा संपली सोमवारी. आपला पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी याच स्पर्धेत खेळला आणि संयुक्त 30वा आला.

त्या वेळचा नियम होता, वाऱ्याने बॉल हलवला तर तो जिथे थांबेल तिथून खेळा. 2019 पासून यात बदल झालाय. ग्रीनवर बॉल एकदा मार्क करून, उचलून परत ठेवला की तो तुमचा. नंतर वाऱ्याने पळवला तर तो मूळ जागीच परत ठेवायचा, पेनल्टी नाही. मार्क करायच्या आधी पळाला तर मात्र नव्या जागेवरूनच खेळायचं. त्यामुळे वारा होलच्या उलट दिशेने असेल तर खेळाडू लगबगीने ग्रीनवर पोचणार. आणि होलच्या दिशेने असेल तर? चाल जरा मंदावली, तर समजून घ्या.