काठ सांभाळणारी नळी

वॉशिंग्टन सरोवराच्या पूर्वेला वसलेल्या बेलव्ह्यूची आजची ओळख म्हणजे संगणक कंपन्या. १९८० च्या दशकात मात्र इथल्या एका खासगी कंपनीत अणुसंलयनाची यंत्रं घडत होती. मॅथेमॅटिकल सायन्सेस नॉर्थवेस्ट हे तिचं नाव, पुढे बदलून एसटीआय ऑप्ट्रॉनिक्स झालं. तिथल्या अॅलन हॉफमन आणि जॉन स्लॉ यांच्या कामाची आठवण ठेवायलाच हवी.

त्यांचं टीआरएक्स यंत्र म्हणजे विद्युत कुंडलांच्या आतली सरळ नळी. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र झटक्यात उलटवलं की नळीत प्लाझ्माचा लांबट गोळा तयार होतो. तो स्वतःच्याच प्रवाहानं स्वतःभोवती बंदिस्त क्षेत्र उभं करतो, म्हणून टोकामाक या वलयाकार संलयन यंत्रासारखं मधोमध कुंडल लागत नाही.

या साधेपणाची किंमत काठावर मोजावी लागते. बंदिस्त क्षेत्राबाहेरच्या चुंबकीय रेषा थेट नळीच्या टोकांना जाऊन भिडतात. त्यांच्यावरून कण निसटत राहतात आणि उरलेला प्लाझ्मा फिरू लागतो. वेग वाढला की कुंभाराच्या चाकावरच्या हललेल्या मातीसारखा त्याचा गोल छेद लंबगोल होतो, ताणला जातो आणि भिंतीला टेकतो. काही मायक्रोसेकंदांत खेळ संपतो.

उपाय सापडला तो काठावरच. नळीच्या लांबीनं चार वाहक बसवायचे आणि शेजारच्या दोघांत उलट दिशांनी प्रवाह सोडायचा. या प्रवाहांचं चुंबकीय क्षेत्र मध्यभागी जवळपास शून्य असतं आणि कडेला जोरकस, त्यामुळे फुगू पाहणारी बाजू आत दाबली जाते. १९८३ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दाखवलं. त्याच वर्षी बेलव्ह्यूच्या गटाचाही हे अस्थैर्य आवरण्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. एवढ्या साध्या मांडणीनं एवढं हट्टी अस्थैर्य ताब्यात यावं, हे मला या क्षेत्रातलं फार देखणं काम वाटतं.

मग एलएसएक्स हे मोठं यंत्र आलं. गोळा मोठा झाला की तो आडवा कलंडेल, असं गणित सांगत होतं. प्रयोगात तो लगेच कोसळला नाही. पण अमेरिकी निधी टोकामाककडे वळला आणि यंत्राला फार थोडा काळ मिळाला. पुढे ते जवळच्या रेडमंडमध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेलं. स्लॉ नंतर हेलियन या संलयन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

फिरण्याच्या त्याच अडचणीवर कॅलिफोर्नियातल्या सी-२ यंत्रानं वेगळी वाट धरली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत टोकाकडच्या प्लाझ्मा-बंदुकीनं काठावर विद्युत क्षेत्र लावलं आणि आकार आवरण्याऐवजी फिरणंच मंदावलं.