खोप्यापुढील चार प्रश्न

पाऊस स्थिरावला, भाताची रोपे हातभर वाढली आणि बांधावरचे गवत तरारले, की कोकणातील शिंदीच्या झाडांवर आणि देशावरील विहिरींवर झुकलेल्या बाभळींवर सुगरण पक्ष्यांच्या वसाहती गजबजू लागतात; आणि एरवी चिमणीच्या मादीहून वेगळा ओळखूही न येणारा नर माथ्यावर व छातीवर पिवळाधमक रंग आणि डोळ्यांभोवती काळसर मुखवटा धारण करून दिवसभर हिरव्या पात्यांची ने-आण करीत असलेला दिसतो. त्याचा खोपा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण तो शाळेच्या संग्रहातला किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टांगलेला, वाळून तपकिरी झालेला. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तो झाडावर, हिरवा असताना, अर्धवट विणलेल्या अवस्थेतच पाहिला पाहिजे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण प्राण्यांच्या वर्तनाचे शास्त्र आणि परिस्थितिविज्ञान या दोहोंच्या मूलभूत कल्पना समजावून घेण्यास इतके सोयीचे आणि आपल्या मुलखात इतके सहज सापडणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

हा पक्षी खोपा का विणतो, असे विचारले असता ‘पिल्लांच्या संरक्षणासाठी’ हे उत्तर वर्गातून बहुधा एकमुखाने येते. ते चुकीचे नाही. पण त्या एका प्रश्नाच्या पोटात चार निरनिराळे प्रश्न दडलेले असून हे उत्तर त्यांपैकी एकाचेच आहे, ही गोष्ट पुष्कळदा पदवी मिळेपर्यंतही विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही. निको टिनबर्गेन या मूळच्या डच शास्त्रज्ञाने 1963 साली, आपला स्नेही कोन्राड लोरेन्झ याच्या साठीनिमित्त लिहिलेल्या निबंधात, ही चार प्रश्नांची फोड स्वच्छपणे करून दाखविली. हे वर्तन या क्षणी कोणत्या आंतरिक व बाह्य कारणांनी घडून येते, हा पहिला प्रश्न. व्यक्तीच्या आयुष्यात ते कसे विकसित होते, त्यात उपजत किती आणि शिकलेले किती, हा दुसरा. ते केल्याने जगण्यास व प्रजोत्पादनास कोणता लाभ होतो, हा तिसरा. आणि पूर्वजांच्या कोणत्या वर्तनातून ते उत्क्रांत होत आले, हा चौथा. दहा वर्षांनी, 1973 साली, टिनबर्गेन, लोरेन्झ आणि मधमाश्यांच्या नृत्याचा उलगडा करणारा कार्ल फॉन फ्रिश या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. माझ्या मते विद्यार्थ्याच्या दृष्टीने टिनबर्गेनची ही फोड त्याच्या कोणत्याही एका शोधाहून अधिक मोलाची आहे, कारण या चार प्रश्नांची उत्तरे एकमेकांना खोडून काढीत नाहीत. चारही एकाच वेळी खरी असू शकतात, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी दिले की वादाला विनाकारण तोंड फुटते.

आता प्रत्यक्ष खोप्याकडे वळू. त्याची एक सविस्तर हकीकत आपल्याच किनाऱ्यावर लिहिली गेली आहे. सलीम अली बर्लिनहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन 1930 साली मुंबईस परतले, तेव्हा वस्तुसंग्रहालयातील त्यांची पूर्वीची जागा पैशाच्या टंचाईमुळे रद्द झालेली होती. म्हणून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या किहीम या गावी त्यांनी मुक्काम हलविला आणि तेथे घराजवळच असलेल्या सुगरणींच्या वसाहतीवर पावसाळ्याचे कित्येक महिने नजर ठेवली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1931 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा लेख आजही वाचण्याजोगा आहे, तो त्यातील निष्कर्षांइतकाच त्यामागील चिकाटीसाठीही. कोणता नर कोणत्या खोप्याचा, कोणती मादी कोणत्या खोप्यात शिरली आणि त्यानंतर नराने काय केले, हा तपशील एकाच जागी दिवसेंदिवस बसल्यावाचून हाती लागणारा नव्हता.

त्या नोंदींतून जे उघडकीस आले, ते गृहस्थाश्रमाच्या आपल्या रूढ कल्पनेस धक्का देणारे होते. विणकाम नर करतो, आणि ते अर्ध्यावर आणून थांबवितो. भाताच्या, उंच गवताच्या किंवा माडाच्या पात्यावर बसून तो पात्याच्या कडेला चोचीने एक खाच पाडतो, खाचेवरची कड चोचीत घट्ट धरतो आणि तसाच उडतो. त्या उड्डाणाच्या ओढीनेच वीतभर अथवा त्याहूनही लांब अशी पट्टी सरळ फाटून निघते. फांदीला वेढे देऊन देठ, देठाखाली एक कडे, कड्याच्या एका अंगाने छप्पर आणि अंड्यांची खोली, असे करीत आठवडाभरात काम अशा अवस्थेला येते की खोपा खालून उघडा, शिरस्त्राणासारखा दिसतो आणि त्याच्या मधोमध एक आडवा पट्टा असतो. येथे नर थबकतो. माद्यांचा थवा वसाहतीत उतरला की सगळे नर आपापल्या अपुऱ्या खोप्यांना लोंबकळून पंख फडफडवीत एकच कलकलाट करतात. एखादी मादी आत शिरते, त्या पट्ट्यावर बसते, इकडची तिकडची पाती चोचीने ओढून पाहते, आणि पुष्कळदा निघून जाते. तिने पसंती दिली, तरच नर अंड्यांची खोली पुरी करून प्रवेशाची लांब नळी विणतो. पुढे अंडी उबविणे सर्वस्वी मादीकडे व पिल्लांचे संगोपन बहुतांशी तिच्याकडेच. नर शेजारीच दुसऱ्या खोप्याच्या देठाला वेढे देऊ लागतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. ज्या खोप्याला कोणी कबुली दिली नाही तो अर्धाच लोंबत राहतो, आणि पावसाळ्याच्या अखेरीस अशा टाकलेल्या खोप्यांची संख्या पाहून वाईट वाटते; कारण एका पुऱ्या खोप्यासाठी त्या इवल्या जिवाने घातलेल्या फेऱ्या पाचशेच्या घरात जाऊ शकतात.

टिनबर्गेनचा पहिला प्रश्न येथे लवकर उरकता येतो. वाढत्या दिवसमानाचा मेंदूवर परिणाम होऊन संप्रेरके स्रवू लागतात, पाऊस व हिरवे गवत यांची त्याला जोड मिळते, आणि विणकामाला आरंभ होतो. या कुळातील पक्ष्यांवरील प्रयोगांतून असेही दिसून आले आहे की नराचा पिवळा वेष वृषणातील संप्रेरकावर अवलंबून नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या स्रावावर अवलंबून असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक हृद्य वाटते. खोपा विणण्याची कला उपजत म्हणावी, तर पिवळा रंग न चढलेले तरुण नर वसाहतीच्या कडेला बसून ओबडधोबड, वेडेवाकडे खोपे कशासाठी विणीत असतात? निकोलस आणि एल्सी कोलियास या अमेरिकन दांपत्याने आफ्रिकेतील एका जवळच्या जातीवर हे पारखून पाहिले. विणण्याजोगे काहीही हाती न देता वाढविलेल्या तरुण नरांना जेव्हा प्रथमच हिरव्या पट्ट्या देण्यात आल्या, तेव्हा त्यांना एक पट्टीसुद्धा धड गुंफता येईना. सरावाने मात्र ते सुधारले. पट्टी उचलण्याची व गुंफू पाहण्याची ओढ जन्मतःच असते, पण हात बसतो तो मशागतीने. उपजत विरुद्ध शिकलेले असा जो झगडा पाठ्यपुस्तके अजून मांडतात, तो या एका निरीक्षणापुढे टिकत नाही.

लाभाच्या प्रश्नाबाबत विद्यार्थ्यांनी विशेष सावध राहिले पाहिजे, कारण लाभाची कल्पना करणे फार सोपे असते. काटेरी बाभूळ, पाण्यावर झुकलेली फांदी, लवचिक टोकाला टांगलेला खोपा आणि खाली तोंड असलेली नळी ही सारी साप, सरडे व कावळे यांच्यापासून बचावाची तजवीज दिसते. परंतु दिसणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे. रुजुवात कशी करावी याचा दाखला टिनबर्गेननेच घालून दिला आहे. काळ्या डोक्याचे कुरव पक्षी पिल्लू बाहेर पडल्यावर थोड्या वेळाने अंड्याचे रिकामे कवच घरट्यापासून दूर नेऊन टाकतात. कवचाची आतली पांढरी बाजू कावळ्यांना घरटे दाखवून देत असावी, असा त्याचा तर्क होता. म्हणून त्याने मोकळ्या जागी अंडी मांडून त्यांच्यापासून निरनिराळ्या अंतरांवर फुटकी कवचे ठेवली. कवच 15 सेंटीमीटरवर असता 42 टक्के अंडी भक्षकांनी नेली, 200 सेंटीमीटरवर असता 21 टक्के. तर्काला पुराव्याची सनद मिळते ती अशी. सुगरणींविषयीही अलीकडे झालेल्या अभ्यासात असे आढळले आहे की खोपा निवडताना मादी विणीच्या कौशल्यापेक्षा खोप्याच्या जागेला अधिक महत्त्व देते; आणि पिल्ले भक्षकांच्या तोंडी पडण्याचे प्रमाण ध्यानी घेता ते सुसंगत वाटते.

पण नर एकीला सोडून दुसरीसाठी घर बांधायला मोकळा राहतो तो कशाच्या बळावर? येथे वर्तनाचा विचार परिस्थितीच्या विचारावाचून पुढे सरकतच नाही. जॉन क्रूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1964 साली सुगरणींच्या कुळातील सुमारे 90 जातींची तुलना प्रसिद्ध केली. तीत एक ठळक नियम आढळतो. दाट वनांत राहून कीटक खाणाऱ्या जाती बहुधा एकेकट्या जोडीने राहतात, आपापले क्षेत्र राखतात, नर-मादी सारखेच दिसतात व घरटी दडवून बांधतात. उघड्या गवताळ प्रदेशात धान्य व बी खाणाऱ्या जाती मात्र थव्याने चरतात, वसाहत करून राहतात, आणि त्यांतील नर भडक रंगाचे व बहुपत्नीक असतात. क्रूकचे स्पष्टीकरण असे होते की वनातील कीटक विखुरलेले व लपलेले असल्यामुळे पिल्लांची पोटे भरण्यास आईबाप दोघांनाही राबावे लागते, पण आपल्या पुरते क्षेत्र राखणे परवडते. उलट गवताचे बी एकदा पिकले की मुबलक, पण कोठे व केव्हा पिकेल याचा नेम नाही, म्हणून ते राखण्यात अर्थ नसतो आणि थव्याने शोधणे सोयीचे पडते. निर्धोक झाडे थोडी असल्याने खोपे एकाच झाडावर दाटतात, सुकाळात एकटी मादी पिल्ले वाढवू शकते, आणि मोकळा झालेला नर आपली शक्ती पुढच्या खोप्यात घालतो. किहीमच्या वसाहतीत सलीम अलींनी जे पाहिले, त्याचे मूळ भातखाचरातील ऋतुमानात आणि पावसाळी समृद्धीत अशा रीतीने जाऊन पोचते. कारण पिल्लांना भरविण्याचे किडे आणि थोरांना लागणारे दाणे हे दोन्ही याच दिवसांत हाताशी असतात.

या तुलनेला एक मर्यादाही आहे. अन्न, झाडे, भक्षक आणि पर्जन्य या गोष्टी एकमेकींबरोबरच बदलत असल्याने त्यांपैकी खरे कारण कोणते, हे नुसत्या तुलनेने ठरत नाही. शिवाय जवळच्या जातींना सारखे वर्तन एकाच पूर्वजाकडून मिळालेले असू शकते, आणि मग 90 जातींचा पुरावा दिसतो तितका स्वतंत्र राहत नाही. चौथा प्रश्न या ठिकाणी तिसऱ्यात येऊन मिसळतो, आणि पुढील पिढीच्या संशोधकांनी वंशवृक्षाचा हिशेब लावून तुलना करण्याच्या ज्या रीती काढल्या त्यांची गरज येथूनच निर्माण झाली.

असे तर्क पारखून पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना आफ्रिकेत जाण्याचे कारण नाही. सुगरणींचे खोपे पुष्कळदा झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला अधिक आढळतात, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून हे होत असावे, असे मानले जाते. ते खरे असेल तर पश्चिमेकडचे खोपे वादळात अधिक संख्येने गळून पडले पाहिजेत; मग ते प्रत्यक्ष पडतात का? जूनमध्ये एखादे झाड निवडावे, त्यावरील प्रत्येक खोप्याला क्रमांक द्यावा, तो कोणत्या दिशेला, किती उंचीवर, पाण्यावर की जमिनीवर, शिरस्त्राणावस्थेत कोणत्या तारखेस आला आणि मादीने तो केव्हा स्वीकारला, हे वहीत रोज लिहावे, आणि प्रत्येक मोठ्या वाऱ्यानंतर खाली पडलेले खोपे दोन्ही बाजूंना निरनिराळे मोजावेत. त्याबरोबरच जेथे डोंगराच्या आडोशामुळे वारा पश्चिमेकडून लागतच नाही असे एखादे झाडही तपासावे. तेथेही खोपे पूर्वेलाच असतील, तर वाऱ्याचे कारण सोडून सकाळच्या उन्हाकडे, पाण्याच्या जागेकडे अथवा फांद्यांच्या ठेवणीकडे वळावे लागेल.