चंद्राला वगळणारा गॅलिलिओ

व्हेनिसच्या खाडीत पाणीच पाणी, पण पिण्याचे पाणी मात्र पलीकडच्या मुख्य भूमीवरून पडावांत भरून आणावे लागे. पडाव एकाएकी मंदावला की आतले पाणी पुढच्या टोकाला चढे आणि मागे उतरे. समुद्रालाही असेच हिसके बसत असतील, असे गॅलिलिओने मांडले.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही. रात्रीच्या बाजूला या दोन गतींची बेरीज होते, दिवसाच्या बाजूला वजाबाकी. म्हणजे प्रत्येक समुद्राचा तळ चोवीस तासांत एकदा वेग घेतो, एकदा मंदावतो आणि वरचे पाणी हिंदकळते. जानेवारी १६१६ मध्ये त्याने हे कार्डिनल ओर्सिनींना लिहून दिले. पृथ्वी फिरते याचा हाच भक्कम पुरावा, अशी त्याची खात्री होती. १६३२च्या ‘डायलॉग’ या ग्रंथाला त्याला भरती-ओहोटीचेच नाव द्यायचे होते, पोपने ते होऊ दिले नाही.

घोडे अडत होते ते साध्या हिशेबात. या पद्धतीने दिवसाला एकच भरती यायला हवी, तीही ठरल्या वेळी. बहुतेक किनाऱ्यांवर दोन येतात, आणि रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा; चंद्रही तेवढाच उशिरा उगवतो. (कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ती याच मेळावर.) दोन भरत्यांचे खापर गॅलिलिओने समुद्राच्या लांबी-खोलीवर फोडले.

चंद्र पाणी ओढतो, हे केप्लरने १६०९ मध्येच लिहिले होते. एवढा बुद्धिमान माणूस असल्या गूढ गोष्टींना भुललाच कसा, असे गॅलिलिओने त्याचे नाव घेऊन विचारले. हा निव्वळ हट्ट नव्हता. मध्ये काही नसताना दुरून ओढणे त्या काळी फलज्योतिषाच्या पंगतीतले वाटे. देकार्तने १६४४ मध्ये चंद्राला जागा दिली, पण ओढणारा म्हणून नव्हे: अवकाशात भरलेले सूक्ष्म द्रव्य चंद्राखाली दाटते आणि पाणी दाबते, असे त्याचे म्हणणे. भरतीच्या वेळा बंदरागणिक इतक्या वेगळ्या, की नुसते पाहून वाद मिटणे शक्य नव्हते.

१६८७ मध्ये न्यूटनने ओढीतला फरक मोजला. पृथ्वीच्या मध्यापेक्षा चंद्राकडच्या पाण्यावर ओढ जास्त, पलीकडच्या पाण्यावर कमी. म्हणून फुगवटे दोन. सूर्याची जोड मिळाली की अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी भरती.

तरीही १७४० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने याच प्रश्नावरचे बक्षीस चौघांत वाटले. डॅनिएल बर्नुली, ऑयलर आणि मॅक्लॉरिन ही तीन नावे गणितात आजही गाजतात. चौथा होता आंत्वान काव्हालेरी नावाचा जेझुइट, आणि त्याची भिस्त अजून देकार्तच्या त्या सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यांवरच होती.