तीन खेळ, एक शरीर : ट्रायथलॉनच्या सुरुवातीला होणाऱ्या चुका

फजरच्या नमाजनंतर गिरगावात अजून दुधाच्या गाड्यांचीच वर्दळ असते. माझी धाकटी बहीण तिथे खोताच्या वाडीजवळच्या एका चाळीत राहते. जुन्या लाकडी घरांची ही अरुंद वाडी ओलांडून चालत निघाले की दहा-पंधरा मिनिटांत चौपाटी येते. तिच्या मुलाचे वय अठ्ठावीस, दिवसभर खुर्चीवर बसायची नोकरी. त्याचे अब्बू पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गेले. "मामू, अम्मीला पुन्हा तो दिवस दाखवायचा नाही," असे म्हणून त्याने व्यायाम मनावर घेतला आणि थेट ट्रायथलॉनचे नाव काढले.

दहाव्या आठवड्यात तो लंगडत घरी आला. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद केले. दुखणे तीन आठवडे आधीच सुरू झाले होते, पण त्याने घरात कोणाला सांगितले नव्हते. त्याने केलेल्या चुका बहुतेक नवशिके करतात. आपल्या घरातही कोणी या वाटेवर असेल, म्हणून त्या मांडतो.

आधी अंतर समजून घ्या

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे, एकामागून एक, न थांबता. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथले अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. त्याच्या निम्मे ते 'स्प्रिंट' : ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटर. पूर्ण 'आयर्नमॅन' म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. त्याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिल्यांदा गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली आणि आपल्याकडच्या कितीतरी तरुणांना या खेळाची ओढ लागली.

पहिली चूक इथेच होते. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी, झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली, हे सगळ्यांना माहीत असते. ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते आणि त्यांची अनेक वर्षांची तयारी होती, हे मात्र विसरले जाते. नवशिक्याने पहिले वर्ष स्प्रिंटसाठीच ठेवावे. ७५० मीटर म्हणजे २५ मीटरच्या तलावात तीस फेऱ्या. चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत मरीन ड्राइव्ह सुमारे साडेतीन किलोमीटर. म्हणजे सायकलचे २० किलोमीटर हे त्याच रस्त्याच्या तीन वेळा जाऊन येण्याइतके. एवढेही काही कमी नाही.

दम लवकर वाढतो, हाडे मागे राहतात

व्यायाम सुरू केल्यावर काही आठवड्यांतच दम वाढतो. माणसाला वाटते, आता आणखी पळता येईल. पण स्नायूबंध आणि हाडे भक्कम व्हायला कित्येक महिने लागतात. भाच्याचे नेमके हेच झाले. महिन्याभरात तो आठवड्याला आठ किलोमीटरवरून तीसवर गेला. आठवड्याचे अंतर साधारण दहा टक्क्यांनीच वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात ते थोडे कमी करावे, असा एक साधा ठोकताळा आहे. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा. शरीर घडते ते झोपेत आणि विश्रांतीत.

दुसरी गोष्ट वेगाची. नवशिका रोजच जिवाच्या आकांताने पळतो. बहुतेक सराव असा हवा की धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. जोराचा सराव आठवड्यात एक-दोनदा पुरे.

पाण्यात ताकद कमी, तंत्र जास्त

सर्वांत जास्त घाम गाळून सर्वांत कमी पुढे जाण्याची जागा म्हणजे पाणी. नवशिका डोके वर धरतो, त्यामुळे पाय खाली जातात. मग तो जोरात लाथा मारतो आणि पन्नास मीटरमध्ये दमतो. शिवाय श्वास कोंडून धरतो. नजर तळाकडे ठेवून, पाण्यात नाकातोंडाने सावकाश श्वास सोडत राहायचा आणि मान वळवली की फक्त आत घ्यायचा. हे एकट्याने शिकता येत नाही. दोन-तीन महिने प्रशिक्षकाकडे जाणे हा खर्च सायकलवरच्या खर्चापेक्षा मोलाचा आहे. गिरगावकरांना मफतलाल बाथ जवळ, दादरकरांना शिवाजी पार्कचा महानगरपालिकेचा तलाव जवळ. प्रवेशाचे नियम आणि स्त्रियांच्या वेगळ्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. अंगभर पोहण्याचा पोशाख हवा असेल तर तो सुती नको. सुती कपडा पाणी पितो आणि माणसाला खाली ओढतो. पोहण्याच्या खास कापडाचा पूर्ण बाह्यांचा पोशाख मिळतो.

घराजवळ समुद्र आहे म्हणून चौपाटीवर एकट्याने सराव करायला मात्र जाऊ नये. तलावात खाली रेघ दिसते, कडेला हात लावता येतो. समुद्रात यातले काहीच नसते आणि लाटा व ओढ वेगळीच. ट्रायथलॉनमधील मृत्यूंचे जे अभ्यास झाले, त्यांत बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यातच झालेले आढळले. खुल्या पाण्याचा सराव जाणत्या प्रशिक्षकाच्या गटाबरोबर आणि सोबत सुरक्षा नाव असतानाच करावा.

सायकल आणि तिच्यानंतरचे पाय

महागडी सायकल आधी घेऊ नका. आधी असलेल्या सायकलची सीट नीट करा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. जड गिअर रेटण्यापेक्षा हलका गिअर लावून मिनिटाला ८० ते ९० वेळा पाय फिरवणे गुडघ्याला सोसते.

तिन्ही खेळ वेगवेगळ्या दिवशी करणारा स्पर्धेत फसतो. सायकलवरून उतरून धावायला लागले की पाय आपले वाटतच नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच दहा-पंधरा मिनिटे धावावे. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा स्पर्धेचा नियमही सरावातच अंगवळणी पाडावा. रस्त्यावरही तो तितकाच मोलाचा आहे.

खाणे, पाणी आणि रमजान

मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. नुसते पाणीच पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन चक्कर, उलटी आणि क्वचित जिवावरचे संकट येऊ शकते. तासापेक्षा लांबच्या सरावात थोडे मीठ-साखर असलेले पेय, खजूर किंवा केळे जवळ ठेवावे. स्पर्धेच्या दिवशी मात्र नवीन काहीही खाऊ नये, आणि नवे बूटही घालू नयेत.

रमजानमध्ये पल्ला वाढवायचा नसतो, आहे ते टिकवायचे असते. इफ्तारच्या आधी अर्धा तास चालणे किंवा तरावीहनंतर हलका सराव पुरेसा आहे. लांब सायकल, उन्हातले धावणे नको. रोजा असताना पोहताना पाणी पोटात जाण्याचा प्रश्न येतो, त्याबद्दल आपल्या आलिमांना विचारावे. ईदनंतर सराव पुन्हा हळूहळूच वाढवावा.

घरच्यांचे काम

घरात हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाबाचा इतिहास असेल, तर सुरुवातीआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावीच. छातीत दाटणे, अचानक धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबावे. बोटाने दाबल्यावर एकाच जागी हाड दुखत असेल तर वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. आणि अम्मीपासून, बायकोपासून दुखणे लपवू नये.

भाचा या वेळी आधी डॉक्टरांकडे जाऊन आला. सहा महिने त्याने फक्त पोहणे आणि चालणे वाढवले. गेल्या हिवाळ्यात त्याने पहिली स्प्रिंट पूर्ण केली, शेवटून अकरावा आला. बहिणीने त्याला विचारले ते एवढेच, "पाय दुखतोय का?" तो म्हणाला, "थोडा दुखतोय, अम्मी." खरे बोलायला तो शिकला होता. बहिणीने गरम पाणी ठेवले आणि मला फोन लावला.